भरावाचा हिशेब पुरा मांडा

रेल्वेच्या भरावाला माती लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ती किती लागते आणि तिचा खरा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे ज्यांच्या शेतातून भराव जातो त्यांनी स्वतः मोजायला शिकले पाहिजे. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा २०२१ साली दुपदरी झाला. पुढच्या मार्गाचीही मागणी आहे. उद्या मोजणीदार आपल्या बांधावर उभे राहिले, तर नुसते बघत राहून चालणार नाही.

हिशेब सोपा आहे. भरावाचा माथा ७ मीटर, उंची ४ मीटर आणि दोन्ही अंगांना १ मीटर उंचीस २ मीटर उतार धरा. तळ २३ मीटरांचा होतो. माथा व तळ यांची सरासरी १५; तिला उंचीने गुणले की ६० चौरस मीटर. म्हणजे किलोमीटरला ६० हजार घनमीटर माती. आता उंची ८ मीटर करा. तळ ३९ मीटर आणि माती १ लाख ८४ हजार घनमीटर! उंची दुप्पट, माती तिपटीहून जास्त. शेतकऱ्याची जमीनही अधिक रुंद जाते.

डोंगर कापून निघालेली माती जवळच्याच भरावात घातली की वाहतूक वाचते, हे खरे. पण आपल्या जांभ्याखालची शेडी पावसात लोण्यासारखी होते. ती भरावाच्या कामाची नाही. कापाचा उतार उभा ठेवला तर खोदाई कमी होते, पण पावसाळ्यात दरडीचे भय वाढते. २००३ साली वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासावर माणसे गेली. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे यांवर खर्च करावाच लागला. पेडण्याच्या बोगद्यात २०२४ च्या जुलैत पाणी शिरून गाड्या अडल्या. माती आपली उधारी वसूल करतेच.

खाजनात तर दुहेरी घाटा. मऊ चिखल भाराने खचतो, म्हणून माती पुन्हा पुन्हा टाकावी लागते. आणि मोऱ्या अपुऱ्या असल्या, तर एका अंगाला पावसाचे पाणी तुंबून भात कुजते आणि दुसऱ्या अंगाला भरतीची ये-जा अडून मानशीवरची मासळी घटते. हे नुकसान अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात लिहितात? १९९० नंतरच्या दशकात गोव्यात मार्गावरून आंदोलन उठले, ते याच काळजीने.

रेल्वे आम्हांला हवीच आहे. पण मोऱ्यांची रुंदी आषाढातले पाणी पाहून ठरवा. माती कोठून उचलणार ते ग्रामसभेत सांगा. खाजनात भराव की खांबांवरचा पूल, याची तुलना बुडणारे पीक आणि मासळी धरून करा. गावकऱ्यांनो, नकाशा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारा : भराव किती उंच?