वर्गात सुरू झालेले युद्ध

फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचायच्या अंकात युद्धाचा विषय काढावा की नाही, असा प्रश्न मला क्षणभर पडला. पण ज्या चित्रपटाविषयी मी लिहिणार आहे, त्यातले युद्ध खंदकात सुरू होत नाही. ते सुरू होते शाळेच्या वर्गात. आणि ती जागा आम्हा मास्तरमंडळींच्या चांगलीच ओळखीची!

एरिक मारिया रेमार्क हा जर्मन लेखक पहिल्या महायुद्धात १९१७ साली आघाडीवर गेला आणि जखमी झाला. त्याची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली व पाहता पाहता जगभर खपली. तिच्या जर्मन नावाचा अर्थ एवढाच, की पश्चिमेकडे विशेष काही नाही. ही लष्करी बातमीपत्राची भाषा. इंग्रजीत तिचे ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ झाले, आणि त्याच नावाने ल्युइस माइलस्टोन याने १९३० साली अमेरिकेत बोलपट काढला. उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शन अशी दोन्ही ऑस्कर पारितोषिके त्याने मिळवली.

खिडकीबाहेर बँडच्या तालावर पलटण चाललेली आहे, आणि आत कांटोरेक मास्तर मुलांना मातृभूमीसाठी मरण्याची थोरवी सांगत आहेत. आधाराला हॉरेस या लॅटिन कवीचे वचन आहेच. मुले पेटतात, वह्यापुस्तके उधळून देतात आणि नाव नोंदवायला निघतात. बेहम नावाचा एक मुलगा तेवढा घुटमळतो. सोबती त्यालाही ओढून नेतात. आघाडीवर त्यांच्यातला पहिला बळी पडतो तो हाच बेहम.

आमच्या काव्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह आणि करुणरसाचा शोक. कांटोरेक मास्तरांना पहिलाच धडा येत होता. दुसरा शिकायला मुलांना स्वतः जावे लागले.

या चित्रपटातला माझ्या मते सर्वांत कठीण प्रसंग मूळ कादंबरीत नाही. नायक पॉल रजेवर घरी येतो आणि जुन्या शाळेत डोकावतो. मास्तरांचे तेच भाषण चाललेले, समोर मात्र आणखी कोवळी पोरे. मास्तर मोठ्या कौतुकाने त्याला चार शब्द बोलायला सांगतात. पॉल आधी टाळतो. मग जे पाहिले ते सांगतो, की मरण घाणेरडे असते आणि फार दुखते. मुले त्याला भित्रा म्हणतात! रजा संपायच्या आतच तो आघाडीवर परततो. निदान तिथे कोणी खोटे बोलत नाही.

पडद्यावरची ही गोष्ट पुढे पडद्याबाहेरही घडली. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये हा चित्रपट लागला, तेव्हा गोबेल्सच्या नाझी टोळ्यांनी चित्रगृहात दुर्गंधीचे गोळे फोडले, पांढरे उंदीर सोडले. आठवडाभरात चित्रपटावर बंदी आली. मे १९३३ मध्ये रेमार्कची पुस्तके जाळली गेली. तो स्वतः देशाबाहेर होता. पण त्याची बहीण एल्फ्रीडे मागे राहिली होती. शिवणकाम करणारी ही बाई युद्ध हरल्यातच जमा आहे असे बोलली, एवढ्यावरून तिला देहान्ताची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९४३ मध्ये ती अमलात आली. कांटोरेकसारख्यांच्या शब्दांची किंमत दुसऱ्यांची मुले देतात; खऱ्या शब्दाची किंमत मात्र बोलणाऱ्यालाच द्यावी लागते, आणि तीही केवढी!

म्हणून वीररस शिकवूच नये, असे मी म्हणणार नाही. देशावर संकट आले तर कोणाला तरी उभे राहावेच लागते, आणि तसे उभे राहिलेल्यांचे पोवाडे आमच्या मुलांनी ऐकलेच पाहिजेत. पोवाडा शिकवताना माझा आवाज आजही चढतो. तो चढावा, असेच मला वाटते. मात्र वाचकहो, घरात कॉलेजात जाणारी मुले असतील तर त्यांच्यासोबत बसून हा चित्रपट अवश्य पाहा. आणि आम्हा शिकवणाऱ्यांनी तास संपायच्या आत एवढे करावे: सगळा वर्ग पेटलेला असताना मागच्या बाकावर एखादा बेहम गप्प बसला असेल, तर त्याला उभे करून विचारावे, “बाळ, तुला काय वाटते?” आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत बाकीच्यांना गप्प बसवावे.