वूफरचा दणका गाडीत की गावात?

शहापूर/मुरबाड : पावसाळा सुरू झाला की माळशेज घाट, माहुली गडाचा पायथा, कसाऱ्याचे धबधबे आणि भातसा व बारवी धरणांचा परिसर मुंबई-ठाण्याच्या पर्यटकांनी फुलून जातो. दुर्घटना टाळण्यासाठी जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश काढते. खोल पाण्यात उतरणे आणि मद्यपान यांच्या जोडीला अलीकडच्या वर्षांत या आदेशांत गाडीतील स्पीकर व वूफर मोठ्याने वाजविण्यासही मनाई करण्यात आली. पावसाळा सरतो, आदेशाची मुदत संपते; परंतु कंपनीने दिलेला टेप काढून मोठी यंत्रणा बसविण्याची हौस वर्षभर कायम राहते. तिचा त्रास होतो तो मात्र गाडीबाहेरच्यांना.

ही हौस सरसकट अनाठायी म्हणता येणार नाही. मुरबाड तालुक्यात अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके असली तरी डोळखांब-किन्हवलीकडील गावे त्यांपासून दूर आहेत. साहजिकच माणसांचे बरेच तास रस्त्यावर जातात. एफएमच्या लहरी सरळ रेषेत प्रवास करीत असल्याने डोंगराआड गेल्यावर रेडिओ खरखरू लागतो. पेन ड्राइव्ह किंवा ब्लूटूथवर चालणारा टेप ही त्यामुळे अनेकांची गरजच ठरते. स्वस्त श्रेणीतील अनेक गाड्यांत कंपनीकडून दोनच स्पीकर मिळतात. जुन्या गाड्यांत ब्लूटूथही नसते.

वॅटचा भूलभुलैया

प्रश्न सुरू होतो तो दुकानाच्या काउंटरवर. टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. सलग मिळणारी शक्ती प्रत्येक स्पीकरमागे साधारण २० वॅटच्या आसपास असते. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. त्यात केवळ ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट वाढवावी लागते. त्यापेक्षा ३ डेसिबलने अधिक संवेदनक्षम स्पीकर घेतला, तर टेप न बदलताही तेवढाच फायदा पदरात पडतो. दरवाजाचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटविण्याच्या शीटचा खर्चही वूफरच्या मानाने कमी असतो. तरीही ग्राहकाची मागणी वॅटचीच असते, आणि दुकानदार मागणीनुसार माल विकतो.

वॅटचा हा हव्यास गाडीच्या वायरिंगवरही भार टाकतो. खरोखर ५०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने सुमारे ५० अॅम्पिअर वीज ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अॅम्पिअर घेतात. त्यासाठी थेट बॅटरीपासून जाड वायर आणि बॅटरीलगत फ्यूज हवा. पैसे वाचविण्यासाठी मूळ वायर कापून सांधा मारला, तर ती तापून आग लागण्याचा धोका असतो. कंपनीची वायर न कापता कपलरने जोडणी करता येते. वायर कापल्यास विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विम्याचेही तसेच आहे. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी ‘आयएमटी-२४’ हे पुरवणी कलम घ्यावे लागते. भारतीय मोटर टॅरिफमध्ये त्याचा दर उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के होता. त्या हिशेबाने २५ हजारांच्या यंत्रणेसाठी वर्षाला हजार रुपये पडतात. ते न भरता यंत्रणा चोरीस गेली, तर भरपाईची आशा धरता येत नाही.

कायद्यातील पोकळी

टेप बदलणे मुळात बेकायदा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील आणि नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. टेप वा स्पीकर त्या तपशिलांत येत नाहीत. याच कायद्याच्या कलम १९०मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर ध्वनिप्रदूषणासाठी पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्यामागील मापदंड मुख्यत्वे सायलेन्सर आणि हॉर्नसंबंधीचे आहेत.

उरतात ते २०००चे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त जागेबाहेर ध्वनिवर्धक वाजविता येत नाहीत. मात्र या नियमांची मांडणी मुख्यतः मंडप, सभागृह, घर अशा स्थिर जागा डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. धावती गाडी दोन मिनिटांत हद्द ओलांडते. शिवाय २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने घोषित केल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. त्यामुळे रुग्णालयाबाहेरील ‘शांतता राखा’ ही पाटी पुरेशी नाही. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरविण्याचे निर्देश दिले होते. परंतु मोजणीसाठी आधी गाडी थांबवावी लागते, आणि गाडी थांबली की आवाजही थांबतो.

वाट दुकानातून जाते

या दोन तालुक्यांत धोका केवळ झोपमोडीचा नाही. माळशेज किंवा कसारा घाटातील आंधळ्या वळणावर समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. येथील गंभीर रुग्णांना अनेकदा ठाणे किंवा उल्हासनगरला हलवावे लागते. रुग्णवाहिकेचा भोंगा पुढच्या चालकाला ऐकू गेला नाही, तर मोलाची मिनिटे वाया जातात. दिवसभर प्रवासी वाहतूक करणाऱ्या चालकाच्या कानांचाही विचार व्हायला हवा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला जातो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते.

वूफरच्या जाड लहरी काच आणि पत्रा सहज ओलांडतात. म्हणजेच ज्या दणक्यासाठी ग्राहक पैसे मोजतो, त्याचा मोठा भाग गाडीबाहेर जातो. उलट चांगले स्पीकर, आतून मढविलेले दरवाजे आणि मर्यादेत ठेवलेला वूफर यांमुळे कमी आवाजातही गाणे स्पष्ट ऐकू येते. हंगामी मनाई आदेश आवश्यक आहेत, पण ते आवाज झाल्यानंतर कामी येतात. टेप बसविणाऱ्या कारागिरांना परिवहन विभाग आणि पोलिसांनी विश्वासात घेतले, बिलावर वायर, फ्यूज आणि खऱ्या वॅटची नोंद बंधनकारक केली, तर आवाज होण्यापूर्वीच बरेच काही साधता येईल. चालकाने कोणते गाणे ऐकावे हे ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही. ते रस्त्याकडेच्या घरांनीही ऐकलेच पाहिजे, असा आग्रह मात्र कोणत्याही कायद्यात बसत नाही.