बदलीवाला मंत्री



बदलीवाला म्हणजे काय, हे गिरणीतल्या माणसाला शिकवायला नको. पाळीच्या आधी दारात येऊन उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर साचा आपला. पण साचा हाती आल्यावर "मला येत नाही" म्हणून चालत नसे.

विलायतेच्या पार्लमेंटात विरोधी पक्षाचंही असंच. सरकारच्या एकेका खात्यावर त्यांचा एकेक माणूस नेमलेला असतो. याला छाया-मंत्रिमंडळ म्हणतात. मी त्यांना बदलीवाले मंत्री म्हणतो. गृहमंत्री बोलला की समोरून गृहखात्याचा बदलीवाला उठतो. त्याला नुसतं 'मुर्दाबाद' म्हणून भागत नाही. तुमचं कुठं चुकलं आणि आम्ही काय केलं असतं, हे त्याला सांगावं लागतं. १९३७ च्या कायद्यानं तर विरोधी पुढाऱ्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू झाला. विरोध हेही कामच आहे, हे राज्यानं मान्य केलं.

आता हा बदलीवाला नेमायचा कुणी? खरा प्रश्न इथंच आहे.

मजूर पक्षात अनेक दशकं विरोधात असताना खासदार मतं देऊन ही माणसं निवडीत. अन्यूरिन बेव्हन हा तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला मजूर. आरोग्यमंत्री असताना १९४८ त त्यानं सगळ्यांना फुकट औषधपाणी दिलं. १९५१ त पक्ष हरला. १९५४ त धोरण पटलं नाही म्हणून बेव्हन छाया-मंत्रिमंडळातून बाहेर पडला. १९५५ त पुढारीपणाच्या निवडणुकीत गेट्स्केलनं त्याला हरवलं. तरी १९५६ त त्याच गेट्स्केलनं परराष्ट्रखातं बेव्हनकडे सोपवलं. मला वाटतं, ज्याच्या पाठीशी मतं आहेत त्याला डावलणं कुणालाच सोपं नसतं.

२०११ त मजूर पक्षानं ही निवडणूक मोडीत काढली. तेव्हापासून पुढारी निवडील तोच बदलीवाला. काही म्हणतात, पुढाऱ्याला विश्वासाची माणसं नकोत का? हवीत. पण जॉबरच्या मर्जीनं बदली मिळे तेव्हा काय होई, ते आपल्या बापजाद्यांनी सोसलंय. काम येणारा दारात राही आणि हुजऱ्या साच्यावर जाई.

म्हणून विरोधी पक्ष मत मागायला आला की नुसत्या घोषणांना टाळ्या पिटू नका. तीन प्रश्न विचारा. कामगार खात्यावर तुमचा माणूस कोण? त्याला त्यातलं काय कळतं? आणि त्याला निवडलं कुणी?

उत्तर आलं नाही तर समजा, साचा चालवणारा तयार नाही.