जुनी फरशी, अ‍ॅसबेस्टॉस आणि आपली उकरण्याची घाई

"डॉक्टर, मुलीने अमेरिकेत जुनं घर घेतलंय. बेसमेंटच्या फरशीत अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, असं तपासणीच्या अहवालात लिहिलंय. नातू तिथेच खेळतो. काय करायचं?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला निरनिराळ्या आजी-आजोबांनी विचारला आहे. माझं उत्तर तेच असतं: फरशी धड असेल तर तिला हात लावू नका. हे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. कॅन्सर करणारी वस्तू घरात आहे आणि डॉक्टर म्हणतात, राहू द्या! म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅसबेस्टॉस हा खाणीतून निघणारा तंतुमय दगड. जळत नाही, कुजत नाही, शिवाय स्वस्त. त्यामुळे विसाव्या शतकात तो छपराच्या पत्र्यांत गेला, पाण्याच्या पाइपांत गेला, गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये गेला आणि फरशीतही गेला. अमेरिकेत साधारण १९२० पासून १९८० च्या दशकापर्यंत डांबर किंवा व्हिनाइलमध्ये अ‍ॅसबेस्टॉस मिसळून फरश्या बनत. नऊ इंची चौकोनी फरशी ही त्यातली नेहमी आढळणारी. बारा इंचीही असतात. खाली चिकटवायला लावलेल्या काळ्या डिंकातही अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. मात्र नुसतं बघून "आहे" किंवा "नाही" हे कोणालाही सांगता येत नाही. तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

आता आजार कसा होतो ते पाहू. अ‍ॅसबेस्टॉसला शिवल्याने काही होत नाही, त्यावरून चालल्यानेही नाही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडाले आणि श्वासातून खोल गेले, तर ते फुप्फुसात अडकून राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुप्फुसं कडक होतात, त्याला अ‍ॅसबेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो आणि सिगारेट ओढणाऱ्यात तो धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा आजार मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले काही जण खाणीत कधी उतरलेलेही नव्हते, नुसते खाणींच्या परिसरात राहिलेले होते. पुढे १९६५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात कामगारांच्या बायकाही सापडल्या. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणं, एवढाच त्यांचा संबंध.

हे वाचून भीती वाटणं साहजिक आहे. पण या सगळ्यांत सामाईक गोष्ट एकच, उडणारी धूळ. फरशीतले तंतू व्हिनाइल किंवा डांबरात घट्ट बसलेले असतात. ओल्या फडक्याने पुसलं, वर खेळणी पसरली, नातू रांगला, तरी ते सुटत नाहीत. सुटतात ते फरशी फोडल्यावर, खरवडल्यावर, ग्राइंडर मारल्यावर, सँडपेपरने घासल्यावर. सुरक्षित ठेवलेल्या वस्तूला धोकादायक करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ती घाईघाईने काढणं!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फरशी अखंड आणि घट्ट असेल तर तिच्यावर दुसरी जमीन घाला. खिळे न ठोकता नुसतं वर अंथरता येतं असं लॅमिनेट मिळतं. कार्पेटसाठी कडेने खिळ्यांच्या पट्ट्या मारतात, ते टाळा. खाली काय आहे ते घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवा, म्हणजे पुढचा मालक नकळत ड्रिल चालवणार नाही. एखाद-दुसरी फरशी निघाली असेल तर पाणी शिंपडून अलगद उचला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. झाडू मारू नका. घरातला साधा व्हॅक्यूम तर मुळीच नको, तो बारीक तंतू मागच्या बाजूने खोलीभर सोडतो. सगळी फरशीच फुटून भुगा होत असेल, तर मात्र परवानाधारक लोकांकडून काढून घ्यावी. तिथे राज्यागणिक नियम वेगळे आहेत, ते मुलीला पाहायला सांगा. आणि तपासणारा माणूस आणि काढणारी कंपनी वेगवेगळी असावी. ज्याला काढण्याचे पैसे मिळणार, त्याच्या तोंडून "असू द्या" ऐकू येणं कठीण.

एक गृहस्थ मला म्हणाले, "एवढे डॉलर कशाला घालवायचे? मी जातोच आहे सहा महिने, बसून एकेक काढतो." आपल्या पिढीची ही काटकसर मला आवडते, पण इथे ती नको. कापडी किंवा सर्जिकल मास्क या धुळीला अडवत नाही आणि ज्या एन-९५ वर कोविडमध्ये आपण विसंबलो, तोही या कामाला पुरेसा मानत नाहीत.

आता आपल्या घरांकडे येऊ, कारण हे वाचून कोणीतरी स्वतःच्या मोझॅककडे संशयाने बघत असेल. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे. शहाबादी आणि कोटा हे दगड. जुन्या वाड्यांतल्या नक्षीच्या फरश्या सिमेंटच्या. यांत अ‍ॅसबेस्टॉसची काळजी नको. आपल्याकडे पीव्हीसी-अ‍ॅसबेस्टॉसच्या फरशीसाठी सरकारी मानक होतं, म्हणजे ती वापरात होती. पण ती शोधायचीच तर जुन्या कार्यालयांत, प्रयोगशाळांत शोधावी. तरीही मोझॅक फोडून व्हिट्रिफाइड बसवताना जो धुरळा उठतो, तो निरुपद्रवी समजू नका. सिमेंट, वाळू, ग्रॅनाइट, टाइल यांत सिलिका असते. कोरडा कटर चालवणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात ती रोज जाते आणि सिलिकोसिस होतो. कटरवर पाण्याची धार सोडली की धूळ पुष्कळ कमी होते. एक बादली, एक नळी आणि आपलं थोडंसं लक्ष, एवढाच खर्च.

आपल्याकडचं खरं अ‍ॅसबेस्टॉस डोक्यावर आहे. चाळी, गोठे, शाळांच्या पडव्या, कारखान्यांच्या शेड यांवरचे जुने सिमेंटचे पत्रे. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ मध्ये अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपण खाणींना आवर घातला, पण परदेशातून आणून पत्रे करणं चालूच ठेवलं. मला हे धोरण कधीच समजलेलं नाही. पत्रा धड असताना खाली राहणाऱ्याला फारसा धोका नाही, पण पावसाळ्याआधी तो बदलताना काय होतं ते आठवा. वरून हातोड्याने फोडतात, खाली फेकतात, तुकडे रस्त्याच्या कडेला किंवा नव्या ओट्याच्या भरावात जातात. शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारतात तो वेगळाच. नटबोल्ट सोडवा, पत्रा पाण्याने भिजवा, अख्खा दोराने खाली घ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. आणि माणसाला थेट पत्र्यावर पाय देऊ देऊ नका. आडव्या फळ्या टाका. जुना पत्रा मोडून खाली पडलेली माणसं मी मेसोथेलिओमाच्या रुग्णांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मेसोथेलिओमा आपल्याला कमी दिसतो यामागे एक कारण आहे. धूळ आत जाणं आणि आजार दिसणं यात बहुधा २० ते ५० वर्षं जातात. पंचविसाव्या वर्षी पत्रे फोडणारा तरुण साठीला दम लागतो म्हणून येतो, तेव्हा ठेकेदार कोण होता हे त्यालाही आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं, ते याचसाठी. पण नाक्यावरून रोजंदारीने आणलेल्या माणसाची नोंद कोणत्या वहीत असणार?

काही जण विचारतात, "आम्ही मागच्या वर्षी अशीच फरशी उकरली, आता सीटी स्कॅन करू का?" नका करू. एकदाच झालेल्या थोड्या संपर्काने धोका फार कमी वाढतो आणि आत गेलेले तंतू दाखवणारी किंवा बाहेर काढणारी कोणतीही तपासणी, औषध, काढा नाही. सिगारेट किंवा बिडी ओढत असाल तर ती सोडा, तो उपाय नक्की लागू पडतो. ज्यांनी वर्षानुवर्षं गोदीत, बॉयलरवर, पत्र्यांच्या कारखान्यात किंवा इमारती पाडण्याचं काम केलं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी दम, कोरडा खोकला किंवा छातीत पाणी झालं तर वेळ न घालवता दाखवावं. आम्ही डॉक्टर तंबाखूचं आठवणीने विचारतो, कामाचं विचारायचं राहून जातं. तेव्हा आम्ही विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: कुठे काम केलं, किती वर्षं आणि धूळ कशाची होती.