आठवणीवर ताडपत्री

आमच्या वसई तालुक्यातला माणूस एक वेळ भातखाचर विकील, आंब्याची झाडं विकील, वाडवडिलांचं कौलारू घर बिल्डरच्या हवाली करून चौथ्या मजल्यावर राहायला जाईल. पण पडवीत वीस वर्षं बंद पडलेली स्कूटर त्याच्याकडे मागून बघा! लगेच त्याचा गळा भरून येतो. "नाही हो, ती विकायची नाहीये. बाबांची आठवण आहे!" या एका वाक्यानं महाराष्ट्रात जेवढ्या गाड्या मेल्या असतील, तेवढ्या आपल्या सुप्रसिद्ध खड्ड्यांनीसुद्धा मारल्या नसतील.

जुन्या गाड्या हुडकण्याचा नाद असलेले काही मित्र मला आहेत. त्यांच्या मागे बसून शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची बरीच गावं मी पालथी घातली आहेत. चांदीपला एका पडवीत ताडपत्रीखाली बजाज चेतक दिसली. म्हणजे आधी कोंबडी दिसली. ती सीटवर अंडी उबवत होती. हॅण्डलला मोडकी छत्री, पाय ठेवायच्या जागी युरियाची पिशवी आणि मागच्या बाजूला पेंढ्याचा भारा.

"काका, ही गाडी द्यायची का?"

"छे, छे! वडिलांची आठवण आहे."

"मग आठवणीवर पेंढा का ठेवलाय?"

"दुसरीकडं जागा कुठाय?"

या उत्तरापुढे काय बोलणार? वडिलांच्या फोटोला चंदनाचा हार आणि वडिलांच्या स्कूटरला युरियाची पिशवी!

बरं, ही स्कूटर वडिलांनी कशी मिळवली होती, हे तरी आठवा. चेतक १९७२ साली आली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. काहींनी तर दहा-दहा वर्षं बघितली. नंबर लावला तेव्हा पोटात असलेलं पोर गाडी आली तेव्हा पुढे उभं राहून हॉर्न वाजवायचं. त्या माणसानं जिच्यासाठी एवढी वर्षं वाट पाहिली, ती आता मुलाची वाट बघत त्याच्या दुप्पट वर्षं उभी आहे. मुलगा म्हणतो, "दिवाळीनंतर काढायचीय एकदा." कुठल्या सालची दिवाळी, ते तो सांगत नाही.

गाडीला मात्र दिवाळी कळत नाही, पावसाळा कळतो. बंद गाडी जशीच्या तशी राहते, ही एक मोठी अंधश्रद्धा आहे. टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा चिकट डिंक होतो आणि कार्बोरेटरची भोकं बुजवतो. टाकी आतून गंजते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात आणि किक जागची हलत नाही. वायरिंग उंदीर खातात. हे सगळं तरी दुरुस्त होतं. स्पार्क प्लग काढून भोकात थोडं ऑईल सोडावं, दोन दिवस थांबावं आणि किकवर न नाचता इंजिन हळूहळू हलवावं. पुष्कळदा सुटतं. पण चेतकला वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हीच चासी. पाय ठेवायची जागा सडली की गाडीचा कणाच गेला. जुन्या लॅम्ब्रेटाला आत निदान नळीचा सांगाडा तरी असतो. तेव्हा पडवीतल्या ओल्या जमिनीवर ठेवलेली चेतक ही आठवण नव्हे. ती हप्त्याहप्त्यानं केलेली विल्हेवाट आहे.

तिचा शेवटही ठरलेला आहे. घर नव्यानं बांधायला निघतं, पडवी पाडतात, आणि कामाच्या घाईत एके दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा राहतो. जी गाडी हौशी माणसाला लाखमोलाची म्हणून दिली नाही, ती पाण्याच्या गळक्या टाकीबरोबर एकाच काट्यावर चढते. किलोवर! त्या वेळी कुणाचा गळा भरून आलेला मी ऐकलेला नाही.

२०२३च्या ऑक्टोबरात काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीनं मुंबईचा निरोप घेतला, तेव्हा सगळे हळहळले. हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मागील दारी कुर्ल्याच्या कारखान्यातली एखादी फियाट, म्हैसूरची जावा, नाहीतर 'बॉबी'मधल्या फटफटीची धाकटी बहीण गंजत असेल? जगाच्या गाडीसाठी रडायचं आणि घरच्या गाडीवर वाळवण घालायचं, हा आपला बाणा.

आता तुम्ही म्हणाल, घेणारे तरी कुठे साधुसंत असतात? मान्य. पडवीत उभं राहून "काका, हे भंगार आहे हो" म्हणायचं आणि तीच गाडी घरी नेल्यावर "दुर्मिळ, एकाच मालकाची, जुन्या काळातलं रत्न" म्हणून पाचपट किमतीला काढायची, असे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना गाडी देऊच नका. पण चोर असतात म्हणून कुणी मुलीचं लग्न करायचं थांबत नाही. स्थळाची चौकशी करतात. तशी इथेही करा. गाडी स्वतः चालवणार की विकणार, ते विचारा. आधीची उभी केलेली एखादी दाखव म्हणावं.

आणि कागद बघा, दोघांनीही! इंजिन नंबर, चासी नंबर आर.सी. बुकाशी ताडून घ्या. मालक वारला असेल तर वारसानं तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. आपण तेराव्याचा स्वयंपाकी आठवणीनं ठरवतो, हा फॉर्म मात्र नातवासाठी ठेवतो. दरम्यान १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि जागची न हलता काकांच्या स्कूटरनं जिल्हा बदलला! गाडीवर अजून ठाण्याचा नंबर, वसईच्या गाड्यांना आता ४८. सरकारनंसुद्धा २०२१ साली नियम केला: पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिन्टेज' म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, रोजच्या वापराला मनाई. म्हणजे सरकारलासुद्धा जुनी गाडी जगवावीशी वाटते, पण मुलाला वाटत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच. गाडी चालवणार असाल तर या रविवारी मिस्त्री बोलवा. चालवणार नसाल तर, पत्रा शाबूत आहे तोवर, चालवणाऱ्याला द्या. वाजवी पैसे घ्या. लाजू नका, वडिलांनीही मोजूनच दिले होते. वर एक अट मात्र घाला, आणि ती कबूल नसेल त्याला ताडपत्रीही उचलू देऊ नका: गाडी सुरू झाली की आधी आमच्या दारात आणायची, आणि आमच्या आईला मागे बसवून मांडवीपर्यंत एक चक्कर मारायची.