ऑलिम्पसचा तोटा आणि पत

जपानच्या ऑलिम्पस कंपनीने २०२१च्या जानेवारीत आपला कॅमेरा व्यवसाय एका गुंतवणूक संस्थेच्या स्वाधीन केला. मोबाइलने बाजारपेठ गिळल्यामुळे हा विभाग सलग तीन वर्षे तोट्यात होता. तरीही कंपनी तगली, याचे कारण तिच्या इतिहासात आहे. १९१९ मध्ये सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी स्थापन झालेल्या या कंपनीचा पहिला कॅमेरा आला १९३६ मध्ये. १९५० मध्ये तिने जठराच्या आतील छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा नमुना घडवला. त्याच वाटेने पुढे आलेल्या एंडोस्कोपने कंपनीला तारले. २०२३ मध्ये तर मूळचा सूक्ष्मदर्शकांचा व्यवसायही तिने विकला.

मात्र कंपनीची पत गेली ती यामुळे नव्हे. गुंतवणुकीतील जुना तोटा तिने वर्षानुवर्षे हिशेबात दडवला होता. संशयास्पद व्यवहारांबाबत जाब विचारणारे प्रमुख मायकेल वुडफोर्ड यांनाच ऑक्टोबर २०११ मध्ये संचालक मंडळाने पदच्युत केले. पुढे गैरव्यवहार उघड झाला आणि कंपनीच्या माजी अध्यक्षांसह अनेकांना न्यायालयाने दोषी ठरवले. काळाबरोबर धंदा बदलण्यात कमीपणा नसतो. तोटा झाकण्याची किंमत मात्र कधी ना कधी चुकवावीच लागते.