न झाडलेला कोपरा

चातक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो तो कवितेत. मराठी किंवा संस्कृत घेतलेल्यांची तर वर्षातून दोनदा, परीक्षेच्या सुमारास, त्याच्याशी हमखास गाठ पडते. मान उंचावून मेघाकडे डोळे लावून बसलेला, पावसाच्या थेंबावाचून दुसऱ्या पाण्याला चोच न लावणारा असा तो एकनिष्ठ पक्षी. कालिदासाने ‘मेघदूता’त त्याला जागा दिली आणि तेव्हापासून आपण सारे त्याला आभाळातच शोधत आलो. माझे म्हणणे असे, की चातक हवा असेल तर खाली पाहावे, जमिनीवर, आणि तेही पालापाचोळ्यात. हे मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही. ताईच्या सात वर्षांच्या मुलाबरोबर गेली दीड-दोन वर्षे दर रविवारी सकाळी एका बागेत हिंडते आहे, तेथे ते समजले.

बाग तशी साधीच. पुण्यात एम्प्रेस गार्डनसारखी जुन्या वृक्षांची, ओढ्याची, गारंबीच्या भल्याथोरल्या वेलाची ऐसपैस बाग आहे. पण ती आमच्या घरापासून लांब. आमची आपली पेठेपलीकडची. मध्यभागी हिरवळ, भोवती चालण्याची वाट, दोन घसरगुंड्या, आणि पाठीमागच्या भिंतीलगत, माळ्याच्या खोलीच्या आडोशाला, बांबूचे एक बेट आणि करंजाची चार-पाच झाडे. या कोपऱ्यात झाडू क्वचितच पोहोचतो, त्यामुळे पाने पडतात ती तेथेच राहतात. भाचेमहाशयांना घसरगुंडीपेक्षा हा कोपरा अधिक प्रिय. प्रथम मला त्याचे नवल वाटले. मग ध्यानात आले, की मोठी माणसे पक्षी पाहायला निघाली की माना वर करतात. मुलाची नजर मुळातच जमिनीपासून हात-दोन हातांवर असते. मला झाड दिसते, त्याला झाडाचे खोड दिसते आणि खोडावर निश्चल बसलेला सरडाही.

तेथेच त्याने सातभाई पहिल्यांदा नीट पाहिले. मातकट अंगाचे, पिवळट चोचीचे, सदा कलकलाट करणारे हे पक्षी आपण इतक्या वेळा पाहतो की पाहतच नाही. ते उड्या मारीत येतात, एकेक पान चोचीने उलटून बाजूला टाकतात आणि खालचा किडा टिपतात. सारे टोळके मिळून अशी जागा धुंडाळीत पुढे सरकते. एखाद्याने जुन्या बाजारात पुस्तकांचे ढीग उपसावेत, तसे.

“मावशी, हे तर नऊ आहेत,” त्याने दोनदा मोजून सांगितले.

मी म्हटले, “अरे, नाव सातभाई असले तरी सातच असतात असे नाही.”

“मग दोन पाहुणे आले असतील.”

त्याच्या या उत्तरात बरेच तथ्य आहे. सातभाईंच्या घरट्यातली पिले केवळ आईबाप वाढवीत नाहीत. थव्यातले इतरही, बहुधा नात्यातलेच, त्यांना भरवतात. आपल्या भाषेत सांगायचे तर काका, आत्या, मावश्या सगळ्या कामाला लागतात. एकत्र कुटुंबपद्धतीवर आपण निबंध लिहितो. भिंतीपलीकडे ती अजून नांदते आहे.

आता चातकाकडे येते. गेल्या भाद्रपदात याच कोपऱ्यात आम्हाला एक विचित्र दृश्य दिसले. फांदीवर एक पिलू बसले होते, काळपट पाठीचे, डोक्यावर तुऱ्याची नुसती खूण असलेले. ते पंख थरथरवीत सारखे ओरडत होते आणि खालून एक सातभाई चोचीत अळी घेऊन येत होता व त्याच्या तोंडात घालीत होता. पुन्हा खाली, पुन्हा पाने उलटणे, पुन्हा वर. पोराने विचारले, “त्याची आई त्याच्यासारखी का नाही?”

ते पिलू चातकाचे होते. चातक घरटे बांधीत नाही. पावसाच्या आगेमागे तो आपल्याकडे येतो आणि मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. सातभाईंची अंडी निळी, हिचेही निळे. पुढचे सारे सातभाई करतात. (पेरते व्हा म्हणून ओरडणारा पावशाही याच घरात वाढतो, हे शेतकऱ्याच्या पोरांनाही फारसे ठाऊक नसते.) केवळ पावसाचे थेंब पिऊन राहण्याची गोष्ट अर्थातच कवींची. चातक किडे खातो. केसाळ सुरवंट, ज्यांना इतर बहुतेक पक्षी तोंड लावीत नाहीत, ते तर आवडीने. या माहितीने कालिदासाचे काही बिघडत नाही. पण त्या मेघाकडे पाहणाऱ्या पक्ष्याचे सारे बालपण बांबूखालच्या कुजक्या पानांतल्या किड्यांवर पोसलेले असते, हे कळल्यापासून मला तरी ‘मेघदूत’ अधिक जवळचे वाटते.

पोराला मी हे सांगितले. चातकाला लबाड म्हणण्याचा मोह झाला होता, तो आवरला. आपल्याकडे लहान मुलांना पक्षी दाखवायचे म्हणजे तात्पर्य सांगायचे अशी जुनी खोड आहे. कावळा धूर्त, बगळा ढोंगी, मुंगी उद्योगी! मुलाला तात्पर्य नको असते. त्याला पुढे काय झाले ते हवे असते. त्याने एवढेच विचारले, की हे पिलू मोठे झाल्यावर चातकासारखे ओरडणार की सातभाईसारखे? याचे उत्तर चातकासारखे असे आहे, पण ते कसे, हे सोप्या शब्दांत सांगताना माझी पुरेवाट झाली.

मुलाच्या प्रश्नापुढे मोठ्यांनी काय करावे, याचे एक उदाहरण प्रसिद्धच आहे. 1908 साली मुंबईच्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे शिकारीचा नाद असलेल्या त्याच्या मामांनाही, अमिरुद्दीन तय्यबजींनाही, सांगता येईना. त्यांनी काहीतरी ठोकून दिले नाही. पोराला चिठ्ठी देऊन 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथल्या मिलार्डसाहेबांनी कपाटाचे खण उघडून त्याच्यापुढे पक्षी मांडले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. मला त्या गोष्टीत मामा फार आवडतात.

एवढे सगळे लिहिण्याचे कारण निराळेच आहे. आमच्या बागेच्या फाटकावर सुशोभीकरणाचा फलक लागला आहे. कोपरा साफ होणार, भिंतीपर्यंत फरशीचे ठोकळे बसणार, दिव्यांच्या माळा लागणार, आणि बांबूच्या जागी सिमेंटचा मोर व दोन हरणे येणार. वाळलेल्या फांद्या छाटायला सुरुवात झालीच आहे. तांबट पक्षी घरट्यासाठी भोक कोरतो ते अशाच वाळक्या, भुसभुशीत फांदीत. पुढे तेच भोक दयाळलाही उपयोगी पडते. पण वाळकी फांदी म्हणजे आपल्या दृष्टीने गबाळेपणा. माळीबुवांना विचारले, तर ते म्हणाले, “बाई, मला काय हौस आहे? सकाळी फिरायला येणारी शिकलेली माणसंच तक्रार करतात, कचरा दिसतो म्हणून.”

म्हणजे तक्रार करणारे आपणच. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ आहे असे नाही. चालण्याच्या वाटेवर पाने कुजली की म्हातारी माणसे घसरतात. वाट झाडलीच पाहिजे. हिरवळ तर असावीच, हिवाळ्यात शेपूट हलवीत येणारा परीट तिच्यावरच पळतो. सापाची भीतीही खरी आहे, म्हणून कोपऱ्याला गुडघाभर कुंपण घालावे आणि मुलांनी बाहेरून पाहावे. आम्ही तसेच पाहतो. पण डासांचे कारण सांगितले जाते ते पटत नाही. डास साचलेल्या पाण्यात होतात, सुक्या पानांत नव्हे. आणि तुटक्या कारंज्याच्या हौदात पाणी साचलेले असते, त्याबद्दल कोणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

बागेचे राहू द्या, तेथे आपले फारसे चालत नाही. आपल्या महाविद्यालयाचे बघू. मारुती चितमपल्लींचा आणि सालिम अलींचा जन्मदिन धरून 5 ते 12 नोव्हेंबर असा पक्षी सप्ताह आता महाराष्ट्रात साजरा होतो, तसा आपल्याकडेही झाला. भित्तिपत्रकांच्या स्पर्धेत मोर अकरा, पोपट सहा आणि फ्लेमिंगो दोन होते. सातभाई एकही नव्हता. त्याच आठवड्यात सायकल स्टँडमागे झाडलेल्या पानांचा ढीग पेटलेला होता आणि त्याचा धूर वाचनालयात येत होता. चितमपल्ली 2025 साली गेले. रानात उभा जन्म काढून त्यांनी पक्ष्यांची नावे गोळा केली, ‘पक्षिकोश’ रचला. त्यातली किती नावे आपल्या आवारात अजून हाक मारल्यास ओ देतील, हे एकदा मोजायला हरकत नाही. मी मोजू लागले आहे. स्टँडमागच्या शिरीषाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, दुपारी टकटक बघत असते. भारद्वाज दोनदा दिसला. परीक्षेच्या दिवशी तो दिसावा म्हणून धडपडणाऱ्या मैत्रिणींनी याची नोंद घ्यावी. शुभशकुन असला तरी तो पाचोळ्यातच चालतो.

मागणी फार मोठी नाही. सायकल स्टँडची मागची भिंत ते पाण्याची टाकी, एवढी वीस-पंचवीस पावलांची पट्टी झाडू नये, तेथे पाने जाळू नयेत, आणि शिरीषाची वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नाही ती तशीच राहू द्यावी. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून मराठी विभागात ठेवला आहे. पहिली सही भाच्याने केली आहे; तो विद्यार्थी नसल्याने ती ग्राह्य धरू नये, असे आमच्या सरांनी समासात नोंदवले आहे. उरलेले पान कोरे आहे.